दांडा

भोसरीच्या शेडमध्ये एकतीस वर्षं
मी लेथवर लोखंड सोललं.
केसभर इकडेतिकडे झालं
तर तुकडा भंगारात, आणि माझं नाव फळ्यावर.

इथे, वेल्ह्याच्या अलीकडे,
दीड एकर मुरमावर,
कुदळ डोक्यावरून खाली आणली
आणि हातात नुसता दांडा.
पातं मागे, करवंदीच्या जाळीत.
आठवड्यात तिसऱ्यांदा.

बांधावरून चांगुणा रेणुसे बघत होती.
हसली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली, "लाकूड कसलं?"
मी म्हटलं, "बोहरी आळीतून आणलाय. पॉलिशचा."
"पॉलिश कशाला? कुदळीचं लगीन हाय का?"

मग ती सांगत गेली, मी वहीत उतरवत गेलो
(वही कंपनीची, मागच्या पानांवर अजून शिफ्टचे आकडे):
दांड्याला धामण. नाहीच मिळाली तर बाभळ.
थंडीत तोडायची, अंधाऱ्या पाखात.
उजेडात झाडाला पाणी चढतं
अन् पाण्यामागनं भुंगा.
सालीसकट चुलीवर टांगायची,
धूर खाऊ द्यायचा, घाई करायची नाही.
हे खरं की खोटं, मला माहीत नाही.
चंद्राचा टॉलरन्स आम्हाला कुणी शिकवला नव्हता.

मित्रांना सांगून आलो होतो,
आता विकत काही घ्यायचं नाही,
कुणाकडे काही मागायचं नाही.
यातलं पहिलं थोडंफार जमलं.

बियाण्याचं पानही त्याच वहीत आहे.
घेवडा राखेत घोळवायचा,
मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपायचं,
पण त्याआधी एक दाणा दातानं फोडायचा.
कट् वाजलं तर भर.
नुसतं दबलं तर पुन्हा उन्हात.
मी तिला खिशातलं व्हर्नियर दाखवलं.
तिने ते चावून बघितलं नाही, एवढंच.

पहिल्या वर्षी मी ऐकलं नव्हतं.
बी स्टीलच्या डब्यात भरलं, झाकणाला टेप.
मृगात उघडलं
तर बंद खोलीचा वास,
आणि दाणे एकमेकांना धरून बसलेले,
अंगावर पांढरी लव.
चांगुणाने तिच्या मडक्यातलं अधोलीभर दिलं.
"दीडीनं परत."
मी लिहायला पेन काढलं तर तिने वही मिटली.
"उगवू तर दे आधी."

पौषात तोडलेली माझी धामण
माघ सरला तरी ओलीच होती.
तेव्हा तिने आपल्या चुलीवरून एक दांडा उतरवला,
काजळीने काळा, हाताला गुळगुळीत,
तीन वर्षं टांगलेला.
संपतसाठी केलेला, त्याच्या छातीपर्यंत मोजून.
संपत चाकणला असतो, प्रेस शॉपमध्ये.
रात्रपाळी.
दिवाळीला येतो. मागच्या दिवाळीला नाही आला.

मी टोक तासलं,
कुदळीच्या डोळ्यात बसवलं, वरून पाचर ठोकली,
आणि पातं रात्रभर हौदात बुडवून ठेवलं.
लाकूड फुगतं, लोखंड फुगत नाही:
एवढं एक गणित मी भोसरीहून घेऊन आलो होतो.

सकाळी पहिला घाव मुरमात रुतला
आणि पातं जिथल्या तिथे.
फक्त दांडा मला चार बोटं लांब.
मी करवत काढली
तशी ती गोठ्यातून ओरडली,
"कापू नगं."
पुढे काहीच बोलली नाही,
म्हशीपुढे वैरण टाकत राहिली,
म्हैस खात नव्हती तरी.

चार बोटं सोडून धरतो मी आता.
बाकी दांडा माझ्या घामाने उजळला.
टोकाची काजळी तशीच आहे.